सपाट माथ्याचा टीव्ही

आमच्या घरात टीव्ही घ्यायचं ठरलं ते आईने आत झोपावं म्हणून. हे वाक्य मी त्या वर्षी दुकानदारांना, मेहुण्याला, मुलीच्या क्लासमधल्या सरांना, सगळ्यांना सांगून पाहिलं. ऐकणारा थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग दुसरंच काहीतरी विचारायचा. म्हणून आधी नीट सांगतो.

भूकंपात औशाकडचं आमचं गावातलं घर पडलं. माणसं वाचली. आईही वाचली, पण तिला माती-दगडांतून बाहेर काढेपर्यंत उजाडलं होतं. नंतर मी तिला लातूरला आणलं. मी पाटबंधारे खात्यात, लेखा शाखेत. घर स्लॅबचं, स्वतःचं. एका बारीक भेगेपलीकडे त्याला काही झालं नव्हतं. आई आली, अंगणात उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, "मी हितंच बसते."

तेव्हा निम्मं लातूर अंगणात झोपत होतं, त्यामुळे कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. आम्हीही पत्र्याचं शेड ठोकलं. घरात मी एक नियम केला, उंचावर काही ठेवायचं नाही. फळ्यांवरचे डबे, बरण्या, घड्याळ, देवाची मोठी तसबीर, शेवटी फळ्याही, सगळं खाली आलं. आमच्या भिंती तेव्हापासून मोकळ्याच आहेत. पुढे लोक एकेक करून घरात गेले. शेडांच्या जागी त्यांनी खोल्या बांधल्या आणि क्लासला आलेल्या पोरांना भाड्याने दिल्या. आमच्या शेडात आई राहिली. जेवायला आत यायची, नातीचं डोकं दुखलं तर तेल लावायला यायची, काम झालं की बाहेर.

असे सहा-सात पावसाळे गेले. शेवटच्या पावसाळ्यात तिचा खोकला छातीत उतरला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "यांना पुढचा पावसाळा त्या शेडात काढू देऊ नका. ओल सहन होणार नाही." 

मी आमच्या ऑफिसातल्या इंजिनिअरला घरी घेऊन आलो. त्याने तिला स्लॅबमधली सळई, कॉलम, बीम, सगळं समजावलं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे घर तुमी बांधलंय का, साहेब?"

"नाही आजी, मी नाही."

"मंग तुमाला काय ठावं आत काय घातलंय ते?"

इंजिनिअर चहा पिऊन गेला.

त्यानंतर एका दुपारी मी पँट आखूड करून घ्यायला शेजारी गेलो. शेजारी शिंपी आहेत. त्यांच्या आजोबांपासून त्यांचं दुकान याच गल्लीत आहे, पुढे मशीन, मागे घर. पडदा बाजूला होता. आत माझी आई भिंतीला टेकून, पाय पसरून, टीव्हीसमोर बसली होती. वर स्लॅब. मी तिथेच थांबलो. कसली तरी मालिका चालू होती. ती संपून जाहिराती लागल्या, दुसरी सुरू झाली, तरी आई उठली नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, महिना झाला की. रोज दुपारी जातात. तुम्ही ऑफिसात असता."

मी आकडेमोडीतला माणूस. त्यांचं घर स्लॅबचं, आमचंही स्लॅबचं. दोन्ही घरं एकाच गवंड्याने बांधलेली. दोन्हीकडे माणसं प्रेमाची. फरक एकच निघत होता. त्यांच्याकडे टीव्ही होता, आमच्याकडे नव्हता. आमचा जुना ब्लॅक अँड व्हाइट मुलगी दहावीत गेली तेव्हा बंद पडला आणि तो दुरुस्त करायचा नाही असं घरात ठरलं होतं.

अडचण अशी की मुलगी आता बारावीत होती. लातुरात बारावीचं वर्ष म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. त्या वर्षी घरात मोठ्याने हसत नाहीत, पाहुण्यांना येऊ देत नाहीत, केबल तोडतात. काही जण टीव्हीच पोत्यात गुंडाळून नातेवाइकांकडे पोचवतात. आमच्या समोरच्या घरी मुलगा बारावीत होता. त्यांचा टीव्ही उदगीरला आत्याकडे गेला. तो रिक्षात चढवायला मीच हात लावला होता.

क्लासमध्ये पालकांची बैठक झाली. सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ज्यांच्या घरी टीव्ही आहे त्यांनी हात वर करा." भरलेल्या हॉलमध्ये तीन-चार हात अर्धे वर आले. सरांनी ते हात एकेक करून मोजले. मला त्या वेळी बरं वाटलं, कारण माझा हात खाली होता.

घरी मी विषय काढला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आजीसाठी घ्या. मी दार लावून अभ्यास करीन. फक्त क्लासमध्ये सांगू नका."

बायको म्हणाली, "अख्खं गाव टीव्ही घराबाहेर काढतंय आणि तुम्ही आणताय."

"आई आत येईल."

"नाही आल्या तर?"

मी टीव्ही निवडायला लागलो.

चौदा इंची लहान पडेल आणि एकोणतीस इंची आपल्या घरचा नाही, इतकं मला पक्कं ठाऊक होतं. मधला घ्यायचा. पण मधल्यातच सगळा गोंधळ होता. एक दुकानदार वीस इंची दाखवायचा, दुसरा एकवीस इंची, आणि दोन्ही मला सारखेच दिसायचे. मी खिशातून टेप काढून एकवीस इंचीची काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजली. वीस भरली.

"एक इंच कमी आहे," मी म्हणालो.

"कमी न्हाई साहेब, आत हाय. फ्रेमच्या मागं."

"मागचा इंच आम्ही बघायचा कसा?"

"ते कंपनीला इचारा. आमी मोजून इकत न्हाई, आमी टीव्ही इकतो."

पुढच्या दुकानात आवाजाचे वॉट निघाले. एका टीव्हीवर दोनशे लिहिलेले, दुसऱ्यावर चारशे. मी टीव्ही फिरवून मागची पट्टी वाचली. तिथे लिहिलं होतं की हे यंत्र विजेचे पंचाहत्तर वॉट खातं. पंचाहत्तर खाऊन चारशे बाहेर टाकणारं यंत्र मी तोवर पाहिलं नव्हतं. मालकाला विचारलं तर तो पोराला म्हणाला, "साहेबांना पाणी दे."

मग अंतर. कोणीतरी सांगितलं की पडद्याच्या पाचपट लांब बसावं म्हणजे डोळे बिघडत नाहीत. मी घरी येऊन समोरची खोली मोजली. वीसला पुरत होती, एकवीसला भिंतीत बसावं लागत होतं. पण वीस आणि एकवीस एकच, हे मी टेपने मोजलेलं होतं. मग खोली पुरते की पुरत नाही? कागदावर मांडून बघितलं तरी काही निघेना. त्यात काचेचा बाक आला. सपाट काच नवी, फुगीर काच जुनी, असं सगळे सांगत होते. फुगीर स्वस्त होता, सपाट थोडा महाग. सपाटमध्ये चित्र कोपऱ्यात ओढल्यासारखं दिसायचं. की मलाच तसं दिसत होतं, कोण जाणे.

शेवटी नांदेडच्या मेहुण्याचा फोन आला. "दाजी, लातुरात कशाला हिंडायलाव? इकडं नांदेडात वजिराबादला माझ्या ओळखीचं दुकान हाय. तिथं स्वस्त पडतंय. या तुमी."

मी गेलो. तिथे नव्या घडणीचा एकवीस इंची टीव्ही ठेवला होता. पुढे सपाट काच, वर आणि मागे सगळीकडून गोलसर, जणू पाण्याने घासलेला गोटा. मेहुणा त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, "दाजी, हे बघा, कुठं कोपराच न्हाई. आता असलेच येनार." किंमत आमच्या आवाक्यात होती. इंच आणि वॉट मी या वेळी मोजले नाहीत. मला सगळे आकडे नको झाले होते.

खोकं एस.टी.त दोन माणसांच्या बाकावर माझ्या शेजारी ठेवलं. लोह्याच्या पुढे कंडक्टर आला. खोक्यावर थाप मारून म्हणाला, "पाव्हणं, हे कुठं उतरनार?"

"लातूरला."

"मंग त्यांचं बी तिकीट काढा. बसलेत तर नीट." मी सामानाचं तिकीट मागितलं. त्याने ते फाडून दिलं आणि पाठीमागच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लोकं लेकरं नांदेडहून लातूरला नेत्यात शिकायला. हे टीव्ही न्यायलेत." सगळी बस हसली. मी खोकं धरून बसलो. अहमदपूरपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्यात माझा जीव पिक्चर ट्यूबमध्ये होता.

घरी टीव्ही कपड्यांच्या बुटक्या पेटीवर ठेवला. उंचावर काही ठेवायचं नाही हा नियम होताच. केबलवाल्याने पडदा लावलेल्या घरात चोरासारखं येऊन वायर जोडली. मुलीने तिच्या खोलीचं दार लावलं. आईची ती रोजची मालिका लावली आणि मी तिला हाक मारली.

आई आली. उंबऱ्यापर्यंत आली, आणि उंबऱ्याच्या बाहेर, ओट्यावर, दाराच्या चौकटीला टेकून बसली. तिथून टीव्ही चांगला दिसत होता. मालिका संपेपर्यंत तिने बघितली. मग उठून शेडात गेली.

"आई, आत बस ना."

"दिसतंय की हितून. मोठा हाय."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी गादी आत घातली, तक्क्या ठेवला. ती ओट्यावरच. बायकोने रोज संध्याकाळी ती गादी उचलून ठेवली.  मे महिना होता. आभाळ स्वच्छ होतं, पण मी रोज सकाळी वर बघायला लागलो होतो.

आणि सगळ्यात न समजण्यासारखी गोष्ट अशी की दुपारी ती अजूनही शिंप्यांकडे जात होती आणि तिथे आत बसत होती. त्यांचा टीव्ही आमच्यापेक्षा जुना, लहान, लाकडी पेटीतला. पडद्यापुढे बाजूला सरकवायचं लाकडी दार. रंग असे की सगळ्या बायका आजारी वाटाव्यात. मग तिथे काय होतं जे आमच्याकडे नव्हतं? मी रजा टाकली आणि बघायला गेलो.

शिंप्यांच्या बायकोला मी भाभी म्हणतो. त्या काजं करत बसल्या होत्या. आई नेहमीच्या जागी. मी कोपऱ्यात बसून टीव्ही बघण्याचं नाटक केलं आणि आईकडे बघत राहिलो. तेव्हा लक्षात आलं की तिची नजर पडद्यावर नाही. मालिकेतली बाई रडायला लागली तरी आईची नजर वरच होती. टीव्हीच्या लाकडी माथ्यावर एक रिकामी काचेची बाटली उलटी उभी होती. तोंड खाली, बूड वर.

भूकंपाच्या वर्षी अशा बाटल्या घरोघर होत्या. जमीन हलली की बाटली पडते, आवाजाने जाग येते, बाहेर पळायला वेळ मिळतो. कोणी पेल्यांची उतरंड रचायचे, कोणी बाटली उलटी ठेवायचे. पुढे त्या कधी नाहीशा झाल्या ते कळलं नाही.

आई घरी गेल्यावर मी विचारलं, "भाभी, ही बाटली तुम्ही अजून ठेवलीय?"

"हमारी कां की, भाईसाब?" त्या हसल्या. "अम्मा खुद लाये. पदराखाली घालून आणली. पहिल्या दिवशी दारात उभ्या राहिल्या, म्हणल्या, 'हितं ठेवू का?' मी म्हणलं, रखो. बाटली उभी केली अन् मग आत बसल्या. आता मी पुसायला बी उचलत न्हाई."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही इचारलं न्हाई. आमाला वाटलं तुमच्या घरी बी असंल."

आमच्या घरी कुठे असणार? उंचावर काही ठेवायचं नाही. ज्या गोष्टींवर बाटली उभी राहील अशा सगळ्या गोष्टी मी सहा-सात वर्षांपूर्वी खाली काढल्या होत्या.

संध्याकाळी आईच्या शेडात गेलो. ती तांदूळ निवडत होती.

"आई, आपल्या घरात बाटली ठेवली तर आत झोपशील?"

तिने सुपातून मान वर केली नाही. "कुठं ठेवशील?"

"स्टुलावर."

"स्टुलाला पोरीचा पाय लागतोय. बाटली पडंल खणकन्. मी उठून पळंन अन् ती झोपेत राहील. रोज रोज कोन पळंल?"

"कपाटावर?"

"कपाटाचं दार उगडलं की हलतंय."

"मग टीव्हीवर?"

आता तिने मान वर केली. "टीव्हीला कोन हात लावत न्हाई. अन् जड असतोय. उगा हलत न्हाई. त्यो हलला म्हंजी खरंच हललं." मग पुन्हा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पन तुजा असला. गोल."

टीव्ही आला त्याच दिवशी तिने बघून ठेवलं होतं. मी तरीही घरात जाऊन औषधाची रिकामी बाटली नव्या टीव्हीच्या माथ्यावर उलटी ठेवून बघितली. घसरली. पुढच्या कडेला ठेवली, घसरली. मागे कागदाची घडी लावली. उभी राहिली, पण पंखा लावला तशी पडली. बायको दारात उभी होती.

"काय करताय?"

"टीव्ही निवडतोय," मी म्हणालो.

सगळं ऐकून ती खाली बसली आणि इतकी हसली की मुलगी अभ्यास सोडून बाहेर आली. मग तिचं हसणं थांबलं. "इतकी वर्षं त्या जेवायला आत आल्या की वर बघायच्या," ती म्हणाली, "आणि आपल्याला वाटायचं, स्लॅब बघतात. बाटलीला जागा शोधत होत्या."

दुसऱ्या दिवशी मी बाटली पिशवीत घालून बाजारात गेलो. इंच विचारले नाहीत, वॉट विचारले नाहीत. दुकानात शिरायचं आणि टीव्हीच्या माथ्यावर बाटली ठेवून बघायची. पहिल्या मालकाने विचारलं, "साहेब, हे काय करायलाव?" मी म्हणालो, "सपाट माथ्याचा पाहिजे." तो म्हणाला, "सपाट काचेचा?" "काच कशीही चालेल." त्याने नोकराकडे बघितलं. दुसऱ्या दुकानात मला ओळखणारा निघाला, आमच्याच खात्यातून निवृत्त झालेला. तो बाटलीचा वास घेऊन म्हणाला, "रिकामी दिसते." सगळे नवे टीव्ही माथ्यावर गोल नाहीतर उतरते होते. सपाट माथा आता बनत नाही, असं तीन दुकानांत कळलं.

म्हणून मी शिंप्यांकडे गेलो. ते माप घेत होते. मी सरळ सांगितलं की आमचा टीव्ही तुम्ही घ्या, तुमचा आम्हाला द्या.

त्यांनी टेप गळ्यात टाकला. "भाईसाब, तुमचा नवा. आमचा लग्नातला. मधी मधी थाप मारावी लागते."

"चालेल."

"याचा हिशोब बसत नाही."

"नाही बसत," मी म्हणालो. मी दोन रात्री तोच जुळवत होतो. तीस वर्षांच्या नोकरीत असा व्यवहार मी दुसऱ्याच्या कागदावर बघितला असता तर लाल शाईने गोल केला असता.

ते बराच वेळ नाही म्हणत होते. भाभी आतून म्हणाल्या, "अजी, अम्मा अंदर सोयेंगे. दे दो." तेव्हा झालं. आपल्या लग्नातला टीव्ही दुसऱ्याच्या घरात जाणार, म्हणून त्यांनी तो आधी तेल लावून पुसला.

लाकडी पेटीतला टीव्ही आमच्या पेटीवर बसला. बायकोने वर विणलेलं कापड घातलं. आईने ते काढून तिच्या हातात दिलं, माथ्यावर हात फिरवला, बाटली उलटी उभी केली आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. मग शेडात गेली आणि स्वतःची वळकटी स्वतः घेऊन आली. कोणी तिला बोलावलं नव्हतं, कोणी मदतही केली नाही. आम्ही तिघं भिंतीला लागून उभे होतो. हलायची हिंमत होत नव्हती. बाटली पडली असती.

केबल जोडली नाही. बारावी होती. टीव्ही वर्षभर बंदच राहिला. पहिला पाऊस आला तेव्हा शेडाच्या पत्र्यावर आवाज झाला. आई आत होती आणि घोरत होती.

आता अशी परिस्थिती आहे की आई दुपारी शिंप्यांकडे जाते तेव्हा त्यांच्या दारात बसून आमचा नवा टीव्ही बघते, कारण तिथे बाटली उभी राहत नाही. आणि संध्याकाळी आमच्या घरात, स्लॅबखाली बसून, बंद टीव्ही बघते. मी याचा बराच विचार केला. काही ठिकाणी समजतं, काही ठिकाणी नाही.

दिवाळीनंतर क्लासमध्ये पुन्हा बैठक झाली, मुलांसकट. सरांनी पुन्हा विचारलं, घरी टीव्ही कोणाकडे आहे. खोटं बोलायची सवय नाही, म्हणून मी हात वर केला. या वेळी हॉलमध्ये माझा एकट्याचाच हात होता. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीने मान खाली घातली.

"बघता?" सर म्हणाले.

"मी नाही. आई बघते."

"काय बघतात?"

माझा हात अजून वरच होता.

"बंद असतो, सर," मुलगीच म्हणाली. "पण काढता येणार नाही. आजी आत झोपते."

सर थोडा वेळ आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी मोबाइल फोन कोणाकडे आहे ते विचारलं, आणि मी हात खाली घेतला.